हॉर्न दिला होता



“मी हॉर्न दिला होता.”

आमच्या क्रेनवरच्या हेल्परचा उजवा पाय ज्या रात्री गेला, त्या रात्री गाडीतून उतरलेल्या माणसाच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. पोरगा २२ वर्षांचा. बंद पडलेला ट्रक साइडपट्टीला घेतलेला, त्याच्या पुढे आमची क्रेन, टपावर पिवळा दिवा फिरतोय, ट्रकच्या मागे तीन कोन ठेवलेले, पोराच्या अंगात रेडियमचं जाकीट. टोचनची पिन घ्यायला तो पाऊलभर बाहेर आला. रात्रीचे दोन. मधली आणि उजवी लेन सताड मोकळी. गाडी डाव्या लेनमधूनच आली, आणि लांबून जेवढ्या वेगाने येत होती तेवढ्याच वेगाने आली. हॉर्न मात्र दिला, तो मीही ऐकला. चांगला लांबलचक दिला. ब्रेकचा आवाज पोरगा पडल्यावर आला.

चार दिवसांनी अपघाताचा कागद हातात पडला. त्यात लिहिलं होतं, ‘रस्त्यात उभा असताना’. नंतर भेटायला आलेल्यांतले निम्मे लोक तेच विचारत होते. रस्त्यात उभं राहायचंच कशाला?

त्या एका गाडीवाल्यावर हे पत्रक नाही. त्याचं नाव यात सापडणार नाही. त्याने पळ काढला नाही, पोराचं डोकं मांडीवर घेऊन तो दवाखान्यापर्यंत आला, रडला. म्हणूनच त्याचं वाक्य मला जास्त छळतं. चांगल्या घरातला, शिकलेला, रडू येणारा माणूस मनापासून मानतो की हॉर्न दिला तेव्हा त्याची जबाबदारी संपली. पुढच्याने बाजूला व्हायला हवं होतं. ही समजूत आपल्या रस्त्यावर इतकी मुरली आहे की ती समजूत आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. माझं भांडण तिच्याशी आहे.

आधी शांतपणे हिशेब करू. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. शंभर मीटरवरून हॉर्न दिला, तर आवाज एक तृतीयांश सेकंदात पोचतो आणि गाडी साडेतीन सेकंदांत. या साडेतीन सेकंदांत गुडघ्यावर बसलेल्या माणसाने काय करायचं? हातातली साखळी सोडायची, आवाज कुठल्या बाजूने आला ते ओळखायचं, उठायचं आणि उडी मारायची. कुठे? एका बाजूला दहा चाकी ट्रक, दुसऱ्या बाजूला तुम्ही. क्रेनचं इंजिन चालू असतं, हायड्रॉलिकचा पंप घरघरत असतो, वायर ताणलेली असताना हात सुटला तर आणखी एखादा मरेल अशी वेळ असते. शिवाय हॉर्न एक नसतो. तासभर उभे राहिलो तर शेकडो गाड्या हॉर्न देऊन जातात. प्रत्येक हॉर्नला उडी मारायची ठरवली तर ट्रक सकाळपर्यंत तिथेच राहील, आणि मग त्याच्यावर मागून कोण आदळेल ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता तुमचा हिशेब. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरांवर, जागा असलेल्या चालकाला शंभरच्या वेगातून गाडी पूर्ण थांबवायला साधारण शंभर मीटर लागतात. त्यातले चाळीस तर ब्रेकवर पाय पडायच्या आधीच गेलेले असतात. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची परवानगी आहे. तिथे हे अंतर १३० मीटरच्या आसपास जातं, आणि मोबाइलकडे दोन सेकंद पाहिलं तर ६६ मीटर न बघता गेले. वेग अर्धा केला तर धडकेचा जोर निम्मा होत नाही, चौथाई होतो. शाळेतलं विज्ञान आहे, नववीच्या पोराला विचारा.

आणि हा वेग अर्धा केल्याने तुमचं नुकसान किती? थांबलेल्या गाडीच्या आगेमागे मिळून तीनशे मीटर धरा. शंभरने गेलात तर अकरा सेकंद, पन्नासने गेलात तर बावीस. अकरा सेकंद वाचतात. फूड मॉलला वडापावच्या रांगेत उभे राहता वीस मिनिटं. त्या अकरा सेकंदांसाठी आमच्या पोराचा पाय घेतलात.

“वेग कमी करायची आपल्याकडे सवयच नाही,” असं कुणी म्हणालं की माझं डोकं तापतं. सवय उत्तम आहे. गतिरोधक दिसला की गाडीचा चेंबर खाली घासू नये म्हणून तुम्ही अलगद, कडेकडेने, बायकोला सावरून बसायला सांगून गाडी उतरवता. वेग टिपणारा कॅमेरा आला की दोनशे मीटर आधी काटा मर्यादेच्या आत येतो आणि दोनशे मीटर नंतर परत चढतो. पुढे पोलीस उभे आहेत हे समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला कळावं म्हणून डिपर मारण्याइतकी माणुसकी तुमच्याकडे आहे. आषाढीच्या वारीत दिंडी आडवी आली तर तुम्ही इंजिन बंद करून, खाली उतरून, हात जोडून उभे राहता, आणि त्या वेळी पंढरपूरच्या रस्त्यावर कुणीही वारकऱ्यांना हॉर्न देऊन कडेला व्हायला सांगत नाही. दुभाजकाच्या पलीकडे अपघात झाला असेल तर तो नीट पाहता यावा, मोबाइलवर घेता यावा, म्हणून तुम्ही वीसच्या वेगावर येता. पलीकडच्या अपघातासाठी ब्रेक लागतो आणि अलीकडच्या जखमी माणसाजवळ काम करणाऱ्यासाठी हॉर्न लागतो! म्हणजे पाय ब्रेकपर्यंत पोचतो. फक्त रेडियमचं जाकीट घातलेला माणूस तुमच्या लेखी चेंबरइतका मोलाचा नाही.

५ ऑक्टोबर २०२२ ला दसरा होता. त्या दिवशी दारोदारी गाड्या धुतल्या गेल्या, झेंडूच्या माळा चढल्या, चाकांखाली लिंबं ठेवली गेली. त्याच दिवशी, उजाडायच्या आधी, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर आधी झालेल्या अपघातातल्यांना मदत करायला रुग्णवाहिका आणि काही गाड्या थांबल्या होत्या. एक मोटार भरधाव आली आणि त्या थांबलेल्या घोळक्यात घुसली. पाच माणसं गेली. मदतीला धावलेले सेतूवरचे कर्मचारी त्यांत होते. पुढच्या वर्षी, २० जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर हेच झालं. अपघात पाहायला आणि हाताळायला जमलेल्या लोकांवर गाडी आली, नऊ जण गेले, त्यांत एक पोलीस शिपाई आणि एक गृहरक्षक दलाचा जवान. दोन्ही वेळा आठवडाभर चर्चा झाली. चालकाचं वय, त्याचा वेग, त्याची गाडी कुठल्या कंपनीची, बाप कोण. दिवा लावून थांबलेल्या गाडीजवळून कसं जायचं असतं हा प्रश्न मात्र कुणाला पडला नाही.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. तासाला १९. दहा मृत्यूंतले सात अतिवेगाच्या खात्यावर लिहिलेले आहेत. यावर मी वेगळं काही बोलत नाही, तुम्ही रोज वाचता.

कायद्याकडे येऊ, कारण कायदाही हॉर्नवाल्यांच्याच बाजूने विचार करतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ई आलं. अग्निशमनाची गाडी, रुग्णवाहिका किंवा राज्य सरकारने ठरवलेलं आपत्कालीन वाहन जवळ येत असताना बाजूला न होणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. चांगलं कलम आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण नीट वाचा. गाडी जवळ येत असेल तर. तीच रुग्णवाहिका घटनास्थळी पोचली, सायरन बंद झाला, मागचं दार उघडून स्ट्रेचर बाहेर आलं, की या कलमात तिच्यासाठी एक अक्षर उरत नाही. धावणाऱ्या रुग्णवाहिकेत चालकाभोवती निदान पत्रा असतो. थांबलेल्या रुग्णवाहिकेबाहेर स्ट्रेचर धरलेल्या माणसाभोवती काहीही नसतं. संरक्षणाची खरी गरज जिथे सुरू होते तिथेच आपलं कलम संपतं. आणि क्रेन, पंक्चरवाला, रस्त्यावरचं तेल पुसणारा, दुभाजकाचं रोपटं छाटणारी बाई, यांची नावं तर कलमात मुळातच नाहीत.

अमेरिकेत दक्षिण कॅरोलायना नावाचं एक राज्य आहे. तिथे २८ जानेवारी १९९४ ला जेम्स गार्सिया नावाचा रुग्णवाहिकेवरचा कर्मचारी अपघाताच्या ठिकाणी काम करत असताना गाडीने उडवला. तो वाचला. चौकशी झाली आणि चूक कुणाची निघाली? गार्सियाची. रस्त्यात उभा होता. आमच्या पोराच्या कागदातलं वाक्य मी जेव्हा या हकिकतीशेजारी ठेवून वाचलं, तेव्हा या पत्रकाचा पहिला कच्चा मसुदा त्याच रात्री लिहिला. गार्सिया गप्प बसला नाही. त्याने पाठपुरावा केला आणि १९९६ मध्ये त्या राज्याने कायदा केला. कडेला दिवा लावून थांबलेलं मदतीचं वाहन दिसलं की त्याच्या लगतची लेन सोडायची, सोडता येत नसेल तर वेग कमी करायचा. २०१२ मध्ये हवाईने हा कायदा केला तेव्हा अमेरिकेतली पन्नासही राज्यं पूर्ण झाली. फ्लोरिडाने १ जानेवारी २०२४ पासून तो चारही इंडिकेटर लावून बंद पडलेल्या साध्या गाडीलाही लावला. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २०१७ पासून अशा वाहनाजवळून ताशी ४० च्या वर जाता येत नाही. यातल्या एकाही कायद्यात हॉर्न दिल्याने सुटका होत नाही.

यावर पहिलं उत्तर मला चहाच्या टपरीवर मिळालं आणि ते मी आजवर पन्नासदा ऐकलं. “अहो, ते परदेशात. आपल्याकडे लेन कोण पाळतं?” हे बोलणारा माणूस स्वतः लेन पाळत नसतो, आणि स्वतःच्या त्या दोषाचाच पुरावा करून तो दुसऱ्याचा जीव मागत असतो. शिवाय हे परदेशातून आणलेलं खूळ आहे हेच खोटं. आपल्याच १९८९ च्या रस्त्याच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं होतं की मिरवणूक, कूच करणारे सैनिक किंवा पोलीस, आणि रस्ता दुरुस्त करणारे कामगार यांच्याजवळून जाताना वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर नेऊ नये. पंचवीस! अमेरिकेतल्या त्या पहिल्या कायद्याच्या सात वर्षं आधी. ती नियमावली २०१७ मध्ये जाऊन दुसरी आली. अठ्ठावीस वर्षं तो पंचवीसचा आकडा कागदावर होता. मला लायसन्सच्या वेळी तो कुणी विचारला नाही, कुठल्या पाटीवर मी तो पाहिला नाही, कुणाची त्यासाठी पावती फाटल्याचं ऐकलं नाही. डांबर ओतणाऱ्या माणसाशेजारून सगळे हॉर्न देत गेले.

दुसरा आक्षेप असतो गाडीवाल्यांचा, आणि त्यात तथ्य आहे. हायवेवर एकदम वेग कमी केला तर मागचा येऊन आदळेल. बरोबर. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये हा अनुभव घेऊन झाला आहे. २०१८ मध्ये त्यांनी सरसकट ४० चा नियम आणला, वेगवान रस्त्यांवर मागून धडकेची भीती दिसली, म्हणून २०१९ मध्ये बदल केला. ९० किंवा जास्त मर्यादेच्या रस्त्यावर आकडा न बांधता सुरक्षित वाटेल इतका वेग कमी करायचा आणि जमेल तिथे लगतची लेन सोडायची. त्याच बदलात क्रेन आणि ब्रेकडाउनच्या गाड्याही नियमात घेतल्या. म्हणजे अडचण आली तेव्हा त्यांनी नियम सुधारला, फेकून दिला नाही. फिरता पिवळा दिवा रात्री सरळ रस्त्यावर लांबून दिसतो. दिसला की पाय उचला, इंडिकेटर द्या, मागच्याला कळवायला चारही इंडिकेटर लावा, सावकाश लेन बदला. ‘एकदम’ ब्रेक मारायची वेळ त्याच्यावरच येते जो शेवटच्या शंभर मीटरपर्यंत हॉर्नवर विसंबून राहिलेला असतो.

तिसरा आक्षेप, “त्यांनी साइडपट्टीच्या आत उभं राहावं ना.” हे म्हणणाऱ्याने एकदा टेप घेऊन माझ्याबरोबर यावं. ट्रकची रुंदी नियमाने २.६ मीटरपर्यंत. साइडपट्टी चांगली तीन मीटरची धरली तरी उरतात चाळीस सेंटीमीटर, आणि बऱ्याच चौपदरी रस्त्यांवर पक्की पट्टी दीडच मीटरची आहे, पुढे मुरूम आणि मग उतार. आपल्याकडे गाडी डाव्या कडेला घेतात, म्हणजे उजवी चाकं वाहतुकीच्या बाजूला. उजवं मागचं चाक फुटलं असेल तर ते बदलणारा माणूस चाळीस सेंटीमीटरमध्ये कसा मावेल? पान्ह्यावर उभं राहून जोर देताना त्याची पाठ तुमच्या लेनमध्ये येणारच. त्यात तुमची बस त्याच्यापासून हातभर अंतरावरून ऐंशीने गेली की नुसत्या वाऱ्याने जॅकवर चढवलेली गाडी डोलते. खाली हात असतो हो माणसाचा.

(दगड आणि फांद्या लावणाऱ्यांनाही इथेच सांगतो. परावर्तक त्रिकोण गाडीत ठेवा आणि वापरा. गाडी निघून गेल्यावर मागे राहिलेला तुमचा दगड रात्री दुचाकीवाल्याला मारतो. आमच्या लोकांनीही ही घाण केलेली आहे, मी नाकारत नाही.)

चौथा आक्षेप, “नवा नियम म्हणजे वसुलीला नवं कुरण.” या युक्तिवादाने मग एकही नियम नको. हेल्मेट नको, सिग्नल नको. आणि एक सांगा, तुम्ही लेन सोडली, वेग कमी केला, तर कोण काय वसूल करणार आहे? पाचवा, जरा कायदा वाचलेल्यांचा, की बेदरकार गाडी चालवण्याचं कलम आहेच. भारतीय न्याय संहितेत आहे, मान्य. ते बहुतेक वेळा माणूस पडल्यावर बाहेर येतं, आणि मग वकील उभा राहून विचारतो, माझ्या अशिलाने बेदरकारपणा कुठे केला, त्याने तर हॉर्न दिला होता. चालकाने नेमकं काय करायचं होतं हे आधी कुठे लिहिलेलंच नसेल तर त्याने ते केलं नाही हे सिद्ध कसं करणार?

आम्ही मागतोय ते थोडं आहे. वाहन चालवण्याच्या नियमावलीचा अधिकार केंद्राचा आहे, वेगमर्यादा ठरवण्याचा अधिकार कलम ११२ नुसार राज्याकडेही आहे. दोघांकडेही मागणी आहे. दिवा लावून थांबलेली रुग्णवाहिका, अग्निशमनाची गाडी, पोलिसांची गाडी, क्रेन, दुरुस्तीचं वाहन आणि रस्त्याच्या देखभालीची गाडी दिसताच लगतची लेन सोडणं बंधनकारक असावं. लेन सोडणं शक्य नसेल तिथे मर्यादेच्या निम्म्याहून जास्त वेगाने जाता येऊ नये. अशा वाहनाशेजारून दोन गाड्यांनी बरोबरीने जाणं, म्हणजे ओव्हरटेक, बंद. लायसन्सच्या परीक्षेत यावर प्रश्न असावा आणि दर टोलनाक्याच्या पुढे मराठीत पाटी. आणि सगळ्यात आधी हे एक वाक्य नियमातच यावं, की हॉर्न किंवा डिपर दिल्याने चालकाची जबाबदारी कमी होत नाही. बाकी काटछाट करा, दंडाचा आकडा काय ठेवायचा तो ठेवा. या एका वाक्यावर आम्ही मागे हटणार नाही.

मसुदा छापायला देण्याआधी मी तो घेऊन पोराच्या घरी गेलो. तो खाटेवर बसून होता, क्रेनच्या चाव्या अजून त्याच्याच खिळ्याला टांगलेल्या. त्याने दोनदा वाचला. मग बोट ठेवून म्हणाला, “दादा, यात सगळी गाड्यांची नावं आहेत. गाडीतून उतरलेल्या माणसाचं काय? मी काय क्रेनमध्ये बसलो होतो का?”

मसुद्यात ओळ वाढवली आहे: ‘अशा वाहनांजवळ पायी काम करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला हाच नियम लागू राहील.’